अकरावी खूण

७ जून

धाकटे,

काल पोस्टमनने आणून दिले ते असे: तुझ्या कादंबरीची प्रकरणे नऊ व दहा, एकूण बावन्न कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेले, यांच्यासाठी मलमाची एक डबी, झाकण सैल असल्यामुळे निम्मी प्रकरण दहाला लागलेली, आणि तुझे पत्र. तिकिटे तू नेहमीप्रमाणे कमी लावलीस. दंड भरून सोडवून घ्यावे लागले, त्यात दोन दिवसांच्या दुधाचे पैसे गेले. वहीत ते "करमणूक" या सदराखाली मांडले आहेत, दुसरे सदर त्याला बसेना.

प्रकरण नऊची स्वच्छ प्रत करून मासिकाच्या कचेरीत दिली. संपादक म्हणाले, "तुमच्या बहिणीचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावर नाचली. तुम्ही आहात म्हणून ही कादंबरी छापून निघतेय." छापखान्यातला खिळे जुळवणारा आत बसून हसत होता. तुझा कागद त्याने एकदा उलटा धरून वाचून पाहिला होता आणि तसाही त्याला तो तेवढाच कळला होता. तुझे अक्षर या जगात मला एकटीलाच लागते. पाटीवर तुझा हात धरून मीच गिरवून घेतले होते. मॅट्रिकला सुवाच्य अक्षराचे बक्षीस मला मिळाले आणि गोष्टी सुचायचे डोके तुला. देवाने वाटणी करताना एकीच्या ताटात पोळी वाढली, दुसरीच्या ताटात तूप.

तुझ्या सरदाराबद्दल काय लिहू. दोनशे वर्षांपूर्वीचा स्कॉटलंडचा डोंगर, धुके, किल्ला, आणि हा बाप्या चौकड्यांचा घागरा घालून घोड्यावर बसतो. मला आधी हसू आले. तू स्कॉटलंड पाहिला नाहीस, मीही नाही. वसतिगृहातल्या साठ मुलींची जेवणे आणि भांडणे निस्तरता निस्तरता तुला तिथले धुके दिसते, याचे कौतुक वाटले.

पण प्रकरण दहा उतरवताना हात जरा थांबला. सरदार विचार करताना डावा डोळा मिटतो. दुधावर साय धरेपर्यंत वाट पाहतो आणि आधी साय खातो. संतापला की आवाज खाली जातो. अंधारात दाराला धडकला तर दाराची माफी मागतो. आणि सव्विसाव्या कागदावर ती किल्लेदाराची मुलगी त्याची जखम धुते, तेव्हा तिला त्याच्या पाठीवर, डाव्या खांद्याखाली, बदामाच्या आकाराचा जुना भाजल्याचा डाग दिसतो.

असा डाग मी पाहिला आहे. यांच्या घड्याळकामातल्या उमेदवारीच्या काळात उस्तादाच्या हातून स्पिरिटचा दिवा कलंडला होता. सदरा घातला की तो दिसत नाही. हे सदऱ्याशिवाय कुणासमोर आलेले मला आठवत नाहीत.

तुझी कल्पनाशक्ती मोठी आहे, एवढेच म्हणते.

यांची तब्येत तशीच. फेब्रुवारीतल्या झटक्याने उजवी बाजू गेली ती गेलीच, जीभही गेली. समजते सगळे. घड्याळजीचा हात आता उशीवर नुसता ठेवलेला असतो, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. प्रकरण दहा मी त्यांना वाचून दाखवले. डागाच्या ओळीला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. डॉक्टर म्हणाले, "अशा आजारात रडू येतं, वहिनी. ते मेंदूचं असतं, मनाचं नव्हे." डॉक्टरांनी अशी किती लग्ने केली आहेत कोण जाणे.

जुलैत चार दिवस येऊन भावोजींना बघून जाते म्हणतेस. एवढ्यात नको. घरात पाहुण्याला झोपायची सोय नाही.

ताई

१४ जुलै

धाकटे,

प्रकरण अकरा पोचले. या खेपेस तिकिटे पुरेशी होती. माणूस घाईत असला की शिकतो.

प्रत करताना मी थोडी डागडुजी केली आहे, ती अंक हाती आला की दिसेलच. तुझा सरदार किल्लेदाराच्या मुलीला घेऊन पळणार होता. एवढे धुके, ओला दगड, घोड्याचा पाय घसरणारच. माझ्या प्रतीत घसरला. सरदाराची उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्याला मेंढपाळाच्या झोपडीत आणून ठेवले आहे. किल्लेदाराची मुलगी दोन दिवस रडली आणि मग सुकी पडली, तरुण मुलींचे असेच असते. सेवा कोण करते, तर तिची थोरली बहीण. ती तुझ्या कादंबरीत नव्हती, मी घातली. देवभीरू आहे, कमी बोलते. सरदाराच्या तोंडावर माशी बसली की ती उडवते, पण लगेच नाही, जरा थांबून.

संपादक भलतेच खूश आहेत. म्हणाले, "बाई, काय कलाटणी आहे. वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडेल बघा. आणि ती थोरली बहीण, तिच्यावरच एक कादंबरी होईल." पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावर "पानोपानी अनपेक्षित कलाटण्या" असे छापणार आहेत. तुझे अभिनंदन.

यांना रोज जेवणानंतर वाचून दाखवते. आधी तुझे पान, मग माझे. तुझ्या पानाला हे डावा डोळा मिटतात. माझ्या पानाला दोन्ही.

खर्च आवरायला हवा म्हणून काही फेरफार केले. यांना रस्त्याकडच्या खोलीतून मागच्या सामानाच्या खोलीत हलवले आहे. पुढची खोली एका विमा एजंटाला भाड्याने दिली. मागे खिडकी नाही, पण माणसाला आठ प्रहर काय बघायचे असते. भिंतीवरच्या नऊ घड्याळांना मी आता किल्ली देत नाही. एकेक करून थांबली. शेवटचे थांबले त्या दिवशी हे सकाळपासून दाराकडे कान लावून होते.

मालिशवाल्यालाही बंद केले. तो ऐकत नव्हता. दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, काल करंगळी हलली. माझ्या हाताखाली हलली, खोटं नाही सांगत. महिनाभर द्या मला, चमचा धरायला लावतो."

मी म्हटले, "चमचा मी धरते आहे की."

"पैसे मागाहून द्या."

"उधारी या घरात चालत नाही."

त्याने पायांत चपला घातल्या आणि पुन्हा काढल्या, आत जाऊन यांच्या हाताची बोटे एकदा सरळ करून आला, आणि गेला.

रजा घेऊन यायचे पुन्हा विचारले आहेस. नको.

ताई

१९ ऑगस्ट

धाकटे,

तुझे पत्र मिळाले. चार कागद शिव्यांचे, आणि तुझ्या अक्षरातल्या शिव्याही मलाच लावून घ्याव्या लागतात. "माझा सरदार का लुळा केलास," असे तीनदा विचारले आहेस. संपादकांना थेट लिहिणार म्हणतेस. लिही. ते तुझे पत्र वाचायला माझ्याकडेच घेऊन येतील.

माझा सरदार, म्हणतेस. तो कोणाचा ते एकदा बघू.

मी यादी केली आहे. तुझ्या आजवरच्या अकरा प्रकरणांतून सरदाराच्या दहा खुणा वेचून काढल्या: मिटलेला डोळा, साय, खाली जाणारा आवाज, दाराची माफी, पाठीचा डाग, बसण्याआधी खुर्चीवर दोनदा टिचकी, आवाज न करता शीळ घालणे, जिन्याच्या पायऱ्या मोजणे, आधी डावा जोडा, आणि खोलीतून निघताना "असो" म्हणणे. दहाच्या दहा माझ्या घरातल्या. एखादी खूण असती तर मी म्हटले असते, जगात सायीवर जीव टाकणारे पुष्कळ असतात. दहा म्हणजे माणूस झाला, धाकटे. त्याला घागरा नेसवला म्हणून तो लपत नाही.

सात वर्षांपूर्वी मी छातीच्या दुखण्याच्या इस्पितळात चार महिने होते. खाटेखाली थुंकायचे भांडे, शेजारची बाई मेली की खाट बदलायची, आणि माझा जप चाले तो एकाच गोष्टीसाठी, घर नीट राहू दे म्हणून. घर तू पाहत होतीस. हे दर रविवारी भेटायला येत. एकदा म्हणाले, "तुझी बहीण चहा फार गोड करते." मला त्याचे हसू आले होते. आता ते वाक्य मी रोज सकाळी चहा करताना ऐकते.

काल त्यांना सरळच विचारले. खाटेशी बसले आणि म्हटले, "हो असेल तर डावा हात उचला." त्यांनी हात उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. याला मी काय समजायचे? मी हो समजले.

आज त्यांना सरदाराचे पुढचे पान वाचून दाखवले. ते मीच लिहिले आहे. किल्लेदाराची मुलगी झोपडीच्या दाराशी येते, थोरली बहीण तिला आत सोडत नाही, आणि सरदाराला तिची पावले ऐकू येतात. येताना आणि जाताना. यांच्या घशातून जो आवाज आला तो भाडेकरूपर्यंत गेला. तो दार वाजवून विचारू लागला, "काकू, काही लागलं का?" मी म्हटले, "कादंबरी ऐकतायत."

तू येऊ नयेस. आलीस तर दार उघडणार नाही. तुला जे काही सांगायचे असेल, ते प्रकरणात लिहून पाठव. मी आहेच प्रत करायला.

ताई

२८ सप्टेंबर

धाकटे,

आज आलेले: एक पार्सल, सुतळीने बांधलेले, लाखेची मोहोर केलेले. तिकिटे जरुरीपेक्षा जास्त, बहुधा परत येऊ नये म्हणून. आत माझ्याच अक्षरातली एकेचाळीस पत्रे आणि तुझी एक ओळ: "ताई, सगळं यातून घेतलं. वाच आणि मग मला ये म्हण."

लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत मी तुला इतकी पत्रे लिहिली होती हे मला आठवत नव्हते. खर्चाचा हिशेब एकातही नाही.

आधी वाटले, हे अक्षर कुणीतरी माझे उतरवले आहे. अक्षर माझे, ऱ्हस्व-दीर्घ माझे, पण ती मुलगी मला ओळखीची वाटेना. तिसऱ्या पत्रात लिहिते, "धाकटे, काय सांगू तुला, टेबलाला धक्का लागला तर टेबलाची माफी मागणारा नवरा मिळाला आहे मला. काल मी मुद्दाम टेबल वाटेत सरकवून ठेवले." सातव्यात साय. बाराव्यात मिटलेला डोळा: "भिंग लावून लावून तसा झाला आहे. पण मला वाटते, अर्धे जग पाहिले की त्यांना पुरते." एकोणिसाव्यात जोडे आणि जिने. चोविसाव्यात तो डाग. चार ओळी लिहून वर काट मारली आहे, काटेखालून सगळे वाचता येते, आणि शेवटी लिहिले आहे, "हे वाचलेस की फाडून टाक." तू फाडले नाहीस. वीस वर्षे जपून ठेवलेस आणि त्याचा माणूस केलास. तुला असा कुणी मिळाला नाही म्हणून, की मला मिळाला होता हे मी विसरले म्हणून, ते मी विचारणार नाही.

यादी पुढ्यात घेऊन बसले. दहाच्या दहा खुणा जुळल्या. प्रत्येकीसमोर पत्राचा आकडा घातला आणि बरोबरची खूण केली. हिशेब जुळला की एरवी मला बरे वाटते.

मग देवासमोर बसले. जप होईना.

उठून यांना पुढच्या खोलीत आणले. विमा एजंटाला भाडे परत केले, तो बडबडला, बडबडू दे. नऊ घड्याळांना किल्ली दिली. ती चालू झाली, पण एकही दुसऱ्याबरोबर वाजत नाही. पाऊण तास ठोके पडत राहतात. त्यांचा हात फिरल्याशिवाय ती एका वेळेवर येणार नाहीत.

मालिशवाल्याला निरोप धाडला. तो आला. उजवा हात मांडीवर घेऊन बराच वेळ दाबत राहिला, एकेक बोट उघडून पाहिले. उघडले नाही. मूठ मिटली आहे. मला म्हणाला, "सांधे धरले, वहिनी. मी महिना मागितला होता. तुम्ही दोन घेतलेत." पैसे दिले ते त्याने घेतले नाहीत. चपला घालताना यांना नमस्कार केला, मला नाही.

संध्याकाळी तिसरे पत्र यांना वाचून दाखवले, टेबलाचे. तोंडाची डावी बाजू हसली. टेबलाचीसुद्धा माफी मागणारा माणूस, त्याच्याजवळ बसून मला दोन शब्द सापडेनात. मी नुसते वाचत राहिले, एकेचाळिसाव्यापर्यंत.

ये. गाडी सकाळची धर. पुढच्या खोलीत माझ्या बाजूला तुझे अंथरूण घालते. संपादक शेवटच्या प्रकरणाची वाट पाहतायत. तू लिहिशील तसे उतरवीन, एक काना मात्रा इकडची तिकडे होणार नाही. सरदाराला बरे करता आले तर कर.

ताई

१ ऑक्टोबर

धाकटे,

वरचे पत्र पाकिटात घालून तिकीट लावून ठेवले होते. परवा रविवार, काल पोस्टाला सुट्टी. आज सकाळी निघणार, तेवढ्यात पोस्टमन दारात. प्रकरण बारा, शेवटचे. अठरा कागद, तिकिटे बरोबर.

चप्पल काढून लगेच प्रत करायला बसले. वचन दिले होते ना.

तू सरदाराला झोपडीतून बाहेर काढलेस, छान काढलेस. थोरली बहीणही ठेवलीस, तिला वाईट केली नाहीस, ते पाहून मला लाज वाटली. लढाई, तह, किल्ल्याचे दार, सगळे जसेच्या तसे उतरवले. सतरा कागद झाले. अठराव्यावर शेवटचा परिच्छेद. दुपार आहे, ऊन झरोक्यातून आले आहे, सरदार झोपला आहे आणि किल्लेदाराची मुलगी त्याच्याकडे बघत बसली आहे. आणि तू लिहितेस: "झोपेत तो आपल्या डाव्या हाताचा अंगठा उजव्या मुठीत धरून निजला होता, लहान मूल दुसऱ्याचे बोट धरते तसा."

मी टाक खाली ठेवला.

पत्रांचा गठ्ठा पुन्हा सोडला. पहिल्यापासून एकेचाळिसाव्यापर्यंत, काटेखालच्या ओळींसकट. नाही. मग लख्ख आठवले, नसणारच. ती एक गोष्ट मी कुणाला लिहिली नव्हती, आईलाही सांगितली नव्हती. पहिल्या रात्री पाहिली तेव्हा ठरवले होते, एवढी आपल्यापाशी ठेवायची.

दहा जुळल्या. अकरावी उरली.

मन म्हणते, चार महिने तू घरात होतीस, चहा घेऊन यांच्या घड्याळांच्या दुकानात जायचीस, खुर्चीत डुलकी लागली असेल त्यांना, दिसले असेल. मीच परत म्हणते, वीस वर्षांत दुकानात डुलकी लागलेली मी पाहिली नाही. हातात उघडे घड्याळ असताना कोण झोपते. मन म्हणते, तुला सुचले असेल. जगात अंगठा धरून निजणारे पुष्कळ असतील. हेच मी सायीबद्दल म्हणायला हवे होते, तेव्हा म्हटले नाही.

मघाशी यांच्या खोलीत जाऊन बसले. जेवणानंतर डोळा लागला होता. डावा हात छातीवरून सरकत उजव्यापाशी आला, अंगठ्याने मिटलेल्या मुठीला इकडून तिकडून चाचपले, आत जायला वाट नव्हती. थोडा वेळ तिथेच टेकून राहिला. मी मूठ उघडायला गेले. त्यांना दुखले, जागे झाले. मला पाहून डावा डोळा मिटला.

त्यांना विचारणार नाही. विचारले की ते माझ्या डोक्यावर हात ठेवतात.

प्रत टेबलावर तयार आहे. त्या एका वाक्यापुरती बोटभर जागा कोरी सोडली आहे. संपादकांना आठवड्याची मुदत मागितली, म्हटले, शेवट अजून पक्का नाही. ते म्हणाले, "घ्या, घ्या, अजून एक कलाटणी येऊ द्या."

दोन्ही पत्रे एकाच पाकिटात पाठवते आहे. तुझे अंथरूण काढून ठेवले आहे, घातलेले नाही. अंगठ्याचे तुला कुठून कळले, एवढेच उलट टपाली लिही. लांबण लावू नकोस, दोन ओळी पुरेत. आणि लिहिताना लक्षात असू दे, तुझे अक्षर मला लागते; खरे लिहिताना तुझी रेघ सरळ जाते आणि खोटे लिहिताना वर चढते, पाटीपासून पाहत आले आहे.

ताई